फ्लॉरेन्समध्ये चार दिवसांचं बिऱ्हाड

इटलीची सहल आखताना आता बरीच मराठी कुटुंबं हॉटेलऐवजी घर भाड्याने घेतात. आजी-आजोबा बरोबर असतात, मुलं असतात, कधी बहिणीचं कुटुंबही असतं. अशा वेळी हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं दोन बेडरूमचं घर परवडतं, सकाळचा चहा आपल्या हातचा मिळतो आणि दिवसभर फिरून दमल्यावर रात्री वरणभात टाकता येतो. फ्लॉरेन्स हे शहर त्यासाठी फार सोयीचं आहे. त्याचा जुना गाभा आटोपशीर आहे. १९८२ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि मुख्य चर्च, उफित्सी संग्रहालय, पोन्ते वेक्कियो हा जुना पूल हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जुन्या गावातच मुक्काम असेल तर दुपारी घरी येऊन पाठ टेकता येते, आणि लहान मुलं किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असताना याचं मोल फार मोठं असतं.

मात्र इथं घर निवडण्याची रीत वेगळी हवी. जाहिरातीतले फोटो घराच्या आतले असतात: लाकडी तुळयांचं छत, पांढऱ्या चादरी, खिडकीतून दिसणारी लाल कौलं. जुन्या गावातल्या अडचणी बहुतेक घराच्या बाहेर असतात, म्हणजे जिन्यात, गल्लीत आणि मुख्य दाराशी. त्यामुळे आत काय आहे हे बघण्याआधी बाहेर काय आहे ते मालकाला विचारून घ्या.

पहिला प्रश्न जिन्याचा. ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ एवढं वाचून आपण म्हणतो, तीन मजले काय, चढू. पण इथल्या जुन्या हवेल्यांचे मजले आपल्या फ्लॅटच्या मजल्यांपेक्षा खूप उंच असतात. पहिला मजला तर पूर्वी मालकाच्या दिवाणखान्याचा, त्यामुळे त्याचं छत मुद्दाम उंच ठेवलेलं. तिथं तिसऱ्या मजल्यावर पोचायला सत्तर-ऐंशी पायऱ्या सहज लागतात, त्याही दगडी, मधोमध झिजलेल्या, आणि वरच्या टप्प्यावर पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जिन्यासारख्या अरुंद आणि उभ्या. दिवसातून दोनदा चढायचं म्हटलं तर गुडघे बोलू लागतात, आणि पहिल्या दिवशी तर हातात तेवीस किलोची बॅग असते. म्हणून मजला विचारू नका, पायऱ्या विचारा: ‘रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत?’ लिफ्ट आहे असं उत्तर आलं तर ती तळापासून सुरू होते की अर्ध्या जिन्यानंतर, आणि तिच्यात मोठी बॅग घेऊन माणूस मावतो का, हेही विचारा. बऱ्याच लिफ्ट जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेल्या असतात आणि दोन माणसांतच भरतात. घरात पोटमाळ्यावर पलंग असेल तर तिथं जाण्याची शिडी फोटोत नीट बघून घ्या. रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला ती झोपण्याची जागा चालणार नाही.

वडीलधाऱ्यांना घेऊन अगदी मध्यातच राहायचं असेल तर एक गोष्ट उपयोगी पडेल. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने आर्नो नदीवरचे शहरातले पूल उडवले. पोन्ते वेक्कियो तेवढा ठेवला, पण त्याच्या दोन्ही टोकांची घरं सुरुंग लावून पाडली, म्हणजे रस्ता ढिगाऱ्यांनी बंद व्हावा. त्यामुळे पोर सांता मारिया रस्ता, पलीकडचा बोर्गो सान याकोपो आणि ग्विच्चार्दीनी रस्त्याची सुरुवात इथल्या बऱ्याच इमारती युद्धानंतर बांधलेल्या आहेत. त्यांना जुन्या हवेलीची शोभा नाही, पण लिफ्ट असण्याची शक्यता बरीच जास्त, मजले बेताच्या उंचीचे आणि पूल दाराशी. माझ्या मते सत्तरीच्या पुढच्या माणसाला रंगवलेल्या छतापेक्षा चालू लिफ्ट कितीतरी अधिक आनंद देते.

जिना नको म्हणून तळमजल्याचं घर घ्यावं असं वाटेल. जरा थांबा. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात सांता क्रोचे भागात पाणी जवळपास पाच मीटर चढलं होतं, आणि ते कुठवर आलं होतं हे सांगणाऱ्या पाट्या आजही भिंतींवर आहेत. तसा पूर रोज येत नाही. पण या भागातल्या जाड दगडी भिंती ओल धरतात, तळमजल्याच्या खिडक्या गल्लीत उघडतात, ऊन आत येत नाही आणि येणारे-जाणारे आत डोकावतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी तळमजला टाळलेला बरा. लिफ्ट नसेल तर पहिला मजला हा सुवर्णमध्य.

आता गल्ली. सांतो स्पिरितो चौक, सांता क्रोचेजवळचा देई बेंची रस्ता आणि सांताम्ब्रोज्यो हे भाग रात्री जागे असतात. दगडी फरशीवर आणि उंच भिंतींमध्ये आवाज दुमदुमतो. चौकातलं हसणं-बोलणं, बाटल्यांचा कचरा ओतल्याचा खणखणाट, पहाटे सामानाच्या गाड्या, सगळं दुसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतं. तरुण मंडळींना तेच हवं असेल तर प्रश्नच नाही. लहान मूल बरोबर असेल तर मालकाला सरळ विचारा: झोपायच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात? आतल्या चौकाकडची खोली कमी देखणी दिसते, पण झोप तिथंच लागते. नदीच्या दक्षिणेला सान निक्कोलो आणि सान फ्रेदियानोच्या आतल्या गल्ल्या मला अधिक आवडतात. तिथं अजून फ्रेम बनवणारे, लाकूडकाम करणारे कारागीर दिसतात आणि सकाळी दूध-पाव घ्यायला निघालेली शेजारची माणसं भेटतात. स्टेशनाजवळचा सान लोरेन्झो भाग गजबजलेला आहे. पण १८७४ साली उघडलेली मेर्कातो चेंत्राले ही मंडई तिथंच आहे, आणि त्या बाजूला डाळ, तांदूळ, मसाले ठेवणारी दक्षिण आशियाई किराणा दुकानंही सापडतात. स्वयंपाक करणार असाल तर या भागाचा विचार जरूर करा.

घर ठरलं की पत्ता बारकाईने वाचा. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांचे आकडे दोन प्रकारचे असतात. राहत्या घरांचे काळे किंवा निळे, दुकानांचे आणि व्यवसायांचे लाल. दोन्ही मालिका आपापल्या चालतात, त्यामुळे काळा २४ आणि लाल २४ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. पत्त्यात आकड्यानंतर ‘आर’ हे अक्षर असेल तर तो लाल आकडा. रात्री सामान घेऊन चुकीच्या दारावर घंटा वाजवत बसायचं नसेल तर दाराचा फोटोच मागवून ठेवा. दाराशी फ्लॅटचे क्रमांक नसतात, घंटांच्या पट्टीवर आडनावं असतात. कोणत्या आडनावाची घंटा दाबायची हे आधी विचारून लिहून घ्या.

आणि किल्ली. सहसा दोन मिळतात, एक खालच्या थोरल्या लाकडी दाराची आणि एक घराची. घराची किल्ली लांब दांड्याची, दोन्ही बाजूंना दाते असलेली, कुलपात तीन-चार वेळा फिरवावी लागणारी. घराच्या दाराला बाहेरून बहुधा नुसती मूठ असते, ती फिरत नाही. दार मागे ओढलं गेलं की ते आपोआप लागतं आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. आतून कुलपात किल्ली तशीच ठेवली तर काही कुलपं बाहेरून दुसऱ्या किल्लीनेही उघडत नाहीत. म्हणून आल्या-आल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दार एकदा स्वतः उघडून-लावून बघावं आणि बाहेर पडताना किल्ली हातात आल्याशिवाय दार ओढू नये. रात्री कुलूपवाला बोलवायचा खर्च जवळपास एका दिवसाच्या भाड्याइतका होतो.

गाडी भाड्याने घेऊन टस्कनी फिरण्याचा बेत असेल तर फ्लॉरेन्सचे दिवस संपल्यावर गाडी ताब्यात घ्या. जुन्या गावात वाहनबंदीचा पट्टा आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते रात्री आठ, शनिवारी दुपारी चारपर्यंत, आणि उन्हाळ्यात काही रात्रीही. प्रवेशाच्या रस्त्यांवर कॅमेरे आहेत. अडवायला पोलीस उभा नसतो, त्यामुळे आत शिरल्याचं कळतही नाही. काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते, शिवाय गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल वेगळे पैसे कापते. वाट चुकून दोनदा आत गेलात तर दंड दोन. रोमहून वेगवान रेल्वेने दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरता येतं, आणि तिथून जुन्या गावातलं बहुतेक कोणतंही घर वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. सामान जड असेल तर स्टेशनबाहेरच्या रांगेतली पांढरी टॅक्सी घ्या, तिला आत जायची परवानगी असते.

आता कागदपत्रं. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. तो जाहिरातीत छापणं आणि इमारतीच्या बाहेर लावणं मालकावर बंधनकारक आहे. क्रमांकाची सुरुवात ‘आयटी’ या दोन रोमन अक्षरांनी होते आणि पाठोपाठ गावाचा सांकेतिक आकडा येतो. फ्लॉरेन्ससाठी तो ०४८०१७. जाहिरातीत क्रमांक नसेल तर मागा. मालक टाळाटाळ करू लागला तर ते घर सोडून द्या. ‘संकेतस्थळावरून नको, पैसे थेट खात्यात पाठवा, स्वस्तात देतो’ असा निरोप आला तरीही सोडून द्या. फोटो दुसऱ्याच घराचे आणि पत्ता तिसऱ्याचा, अशी फसवणूक नेमकी याच वाटेने होते, आणि परदेशातल्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवणं भारतात बसून जवळपास अशक्य असतं.

पोचल्यावर मालक पासपोर्ट मागेल. घाबरू नका. पाहुण्यांची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेत करणं हे त्याचं कायदेशीर काम आहे आणि ती प्रत्येक माणसाची, लहान मुलांचीही, करावी लागते. पासपोर्ट दाखवा, पण ठेवून द्यायला देऊ नका. पूर्वी दाराबाहेरच्या छोट्या पेटीत किल्ली ठेवून मालक नुसता कोड पाठवायचे. फ्लॉरेन्सने जुन्या गावातून अशा पेट्या हटवण्याचा निर्णय घेतला आहे, आणि माणसाला समोर बघून ओळख पटवावी असा गृहखात्याचाही आग्रह आहे. त्यामुळे कोण भेटणार, किती वाजता, गाडी उशिरा आली तर काय, हे आधी ठरवा. मला तर हा बदल स्वागतार्ह वाटतो. समोर भेटलेला माणूस गिझर कसा चालू करायचा हेही दाखवतो.

भाड्याशिवाय मुक्काम-कर असतो. तो माणशी, दर रात्रीचा, फ्लॉरेन्समध्ये सलग जास्तीत जास्त सात रात्रींचा, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना माफ. काही जण तो बुकिंगमध्येच घेतात, काही जण पोचल्यावर रोख मागतात. कसाही दिला तरी पावती घ्या. साफसफाईचा आकार वेगळा असतो आणि तो एका रात्रीसाठी आणि सहा रात्रींसाठी सारखाच लागतो, म्हणून दोन रात्रींपुरतं घर घेणं बहुधा परवडत नाही. चार-पाच रात्री असतील तरच घर, नाहीतर साधं हॉटेल बरं.

शेन्गेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. बुकिंगच्या कागदावर पूर्ण पत्ता, तारखा आणि सगळ्या प्रवाशांची पासपोर्टवर आहेत तशीच नावं यायला हवीत. बरेचदा एकाचंच नाव छापून येतं, बाकीची मालकाकडून लिहून घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत बुकिंग रद्द करता येईल असंच ठेवा, दोन पैसे जास्त पडले तरी.

घराच्या आतली सर्वांत जास्त नडणारी गोष्ट म्हणजे वीज. इटलीतल्या साध्या घराचा वीजजोड बहुधा तीन किलोवॅटचा असतो. एसी चालू, ओव्हन तापतोय आणि त्यात कोणी चहासाठी किटली लावली की सगळं घर अंधारात. बिघाड झालेला नसतो, भार जास्त झालेला असतो. खटका घरात असतो किंवा तळमजल्यावर मीटरजवळ, तो कुठं आहे हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. आपल्याकडच्या जाड तीन पिनांच्या प्लगला तिथं अडॅप्टर लागतो. मोबाईल चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी बसतो. टाकीचा गिझर असेल तर चौघांच्या लागोपाठ आंघोळी होत नाहीत, मध्ये वेळ ठेवा. स्वयंपाकाला गॅस असेल तर गॅस आणि कार्बन मोनॉक्साईडची गळती ओळखणारं यंत्र आणि अग्निशामक नळकांडं घरात असायला हवं, पर्यटकांच्या घरांना ते आता सक्तीचं आहे. दिसत नसेल तर विचारा. आणि एक दिलासा: १९७५ च्या सरकारी आदेशानुसार इटलीतल्या प्रत्येक घरात एका न्हाणीघरात तरी बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्याचं भांडं, हवं. पाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांची युरोपात इतरत्र होणारी अडचण इथं होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये शहर तापतं, पारा पस्तिशीच्या पुढे जातो, आणि ऐतिहासिक इमारतींच्या दर्शनी भागावर एसीचं यंत्र टांगायला सहज परवानगी मिळत नाही. म्हणून ‘एसी आहे’ एवढ्यावर न थांबता तो झोपायच्या खोलीत आहे का हे विचारा. दिवसा खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद ठेवायच्या आणि सूर्य कलल्यावर उघडायच्या, तिथली माणसं हेच करतात. नदीमुळे डास असतात आणि खिडक्यांना जाळ्या क्वचितच, तेव्हा ओडोमॉस बॅगेत असू द्या. हिवाळ्यात उलट. इथं घर तापवायची मुभा साधारण १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल आणि तीही दिवसात ठरावीक तास. ऑक्टोबरच्या शेवटी थंडी पडली तरी हीटर चालू होईलच असं नाही, म्हणून पांघरुणं किती आहेत ते विचारा.

स्वयंपाकाचं सामान घरातून फार नेऊ नका. छोटा कुकर, मसाल्याचा डबा, हिंग आणि पहिल्या रात्रीपुरती खिचडी पुरे. दही, दूध, भाज्या, छोले, तांदूळ तिथं उत्तम मिळतं, आणि नळाचं पाणी पिण्याचं आहे. तिथला पाव मात्र बिनमिठाचा असतो, पहिला घास खाऊन तो बिघडला आहे असं समजू नका. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा.

घर घेऊन राहिल्याने एखादी निवांत सकाळ हाताशी येते. ती ‘काशीने’ नावाच्या बागेला द्यावी असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. बागेच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथं १८७४ मध्ये उभारलेली छत्री आणि तिच्याखालचा त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा आजही आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. ट्राम बागेच्या एका टोकाशी सोडते, तिथून झाडीतून बरंच चालावं लागतं. गटाच्या सहलींत हे ठिकाण सहसा नसतं, आणि मराठी माणसाने तिथं जाऊन दोन फुलं ठेवावीत असं ते नक्की आहे.

शेवटी शेजाऱ्यांबद्दल. पर्यटकांच्या घरांमुळे भाडी वाढली आणि जुन्या गावातली कितीतरी कुटुंबं बाहेर गेली. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने वारसा क्षेत्रात नव्या पर्यटक-घरांना बंदी घालण्याचा ठराव केला. जे शेजारी अजून टिकून आहेत त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. रात्री उशिरा जिन्यातून बॅगा ओढू नका, उचलून न्या. खालचं दार आपटू नका. कचरा कोणता कुठे टाकायचा आणि त्या डब्याला कार्ड लागतं का, हे मालकाला विचारून तसाच टाका. आणि नोंदणी क्रमांक नसलेलं घर कितीही देखणं, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.